सापडेकर

बर्लिनमध्ये चार मराठी माणसं जमली असताना ‘इथं ते मिळत नाही बुवा’ हे वाक्य तोंडातून काढू नये. काढायचंच झालं, तर सापडेकर कुठल्या खोलीत आहे ते आधी बघून घ्यावं.

मागे एका घरी सत्यनारायण होता. कोथरूडहून महिन्याभरापूर्वी आलेला एक मुलगा प्रसाद खाता खाता म्हणाला, “बाकी सगळं छान आहे हो इथं. पण आईच्या हातची केळफुलाची भाजी आता विसरायची. केळफूल कुठलं मिळायला इथं!” झालं. आम्ही जुन्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं घड्याळ पाहिलं. बाल्कनीच्या दारात सापडेकर पाठमोरा उभा राहून कुणाशी तरी घरभाड्यांबद्दल बोलत होता. तो बोलता बोलता थांबला. मान हळूच वळली.

“मिळतं.”

“केळफूल?”

“एक हवंय की पेटी?”

पुढची चाळीस मिनिटं तो मुलगा आमच्यात नव्हता. सोफ्यावर बसल्या बसल्या तो सापडेकरच्या मागोमाग एम-८ ट्रॅमनं हेर्त्सबेर्गश्ट्रासंला उतरला, व्हिएतनामी बाजारात शिरला, माशांच्या टाक्या ओलांडून एका फ्रिजपाशी पोचला आणि वरून दुसऱ्या फळीवर, गवती चहाच्या जुड्यांमागे हात घालून उभा राहिला. “मंगळवारी जाऊ नकोस, मंगळवारी बंद. आणि गल्ल्यावर बाई असेल तर घे. नवरा असेल तर परत फीर. त्याला ताजं-शिळं कळत नाही.” मुलानं सगळं लिहून घेतलं. भाजी त्यानं अजून केलेली नाही असं ऐकतो. केळफूल निवडायला किती वेळ लागतो, हे पत्त्यात नसतं.

घंटीच्या बटणाशेजारी त्याचं खरं आडनाव लावलेलं आहे. ते पोस्टमनला आणि आयकर खात्याला ठाऊक आहे. आमच्यात तो सापडेकर. मूळचा चिपळूणचा, वय पंचावन्नच्या आसपास, रेल्वेच्या सिग्नलांचं काहीतरी काम करतो. पाठीवर राखाडी सॅक, आणि सॅकमध्ये चिपळूणच्या एका सराफाच्या नावाची कापडी पिशवी, चौघडी घालून ठेवलेली. त्या पिशवीतून सोनं कधी आलं नसेल, पण शेवग्याच्या शेंगा मी पाहिल्यात, वाळके बोंबील पाहिलेत (अख्ख्या डब्यानं पाहिलेत) आणि एकदा रात्री साडेदहाला, यू-८च्या शेवटच्या डब्यात, त्यातून एक सुरण डोकावताना पाहिलाय.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. सापडेकर खवय्या नाही. खवय्या माणूस पदार्थाच्या आठवणीनं डोळे मिटतो, सापडेकर डोळे उघडतो. जेवणाच्या बाबतीत तो दीड पोळी आणि ताक ह्या वर्गातला. पदार्थाचा माग काढायचा, तो आणायचा, ओट्यावर ठेवायचा आणि चार जणांना फोन करायचा, की त्याचं जेवण झालं. वहिनी म्हणतात, “ह्यांना भूक लागत नाही. ह्यांना पत्ता लागतो.”

सुरुवात हिंगापासून झाली. तो शिकायला आला तेव्हा भिंत पडून चार-पाच वर्षं झाली होती, आणि आईनं दिलेली हिंगाची डबी दिवाळीच्या आत संपली. (इथं मला उगाच इरावतीबाई कर्वे आठवतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला आल्या, माणसाच्या कवटीवर प्रबंध लिहून १९३०मध्ये डॉक्टर झाल्या. कवट्या मोजता मोजता कधीतरी त्यांच्याही मनात फोडणीचा विचार आला असेलच की!) सापडेकरनं शब्दकोश उघडला, तर हिंगाला जर्मन शब्द निघाला ‘टॉयफल्सड्रेक’. म्हणजे सैतानाची घाण. “वाचलं आणि धीर आला,” तो सांगतो. “म्हटलं, ह्यांनी वास घेतलेला आहे.”

कुणीतरी सांगितलं की हे अपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, ‘आसाफेटिडा’ म्हणून मिळतं. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या बाईंनी विचारलं, “त्रास काय होतो?” सापडेकरनं खरं ते सांगितलं, “आमटीला चव येत नाही.” बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली पुढे ठेवली. डी-६. म्हणजे मूळ द्रव्याचा दहा लाखांत एक भाग. घरी येऊन त्यानं तेल तापवलं, मोहरी तडतडवली आणि बाटली उपडी केली. करपलेल्या साखरेचा वास तीन दिवस गेला नाही. पुढे नॉयकोल्नमध्ये एका श्रीलंकन तमिळ दुकानात त्याला ती ओळखीची डबी दिसली. ऐंशीच्या दशकात तिकडच्या यादवीतून निसटून आलेल्या कुटुंबांची ही दुकानं. कढीपत्ता, नारळ, शेवगा, सगळं तिथं. दुकानदारानं डबी हातात दिली तेव्हा म्हणे सापडेकरच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणतात, वासानं आलं असेल.

हिंगानंतर अळू. कोकणातला माणूस, दुसरं काय शोधणार! बर्लिनमध्ये अळू नाही, पण अळूसारखं दिसणारं बरंच काही आहे, आणि धोका तिथंच आहे. वसंतात इथं रबार्बर येतं. तांबूस देठ आणि वर हत्तीच्या कानाएवढी पानं. जर्मन लोक त्या आंबट देठांचा साखर घालून केक करतात आणि पानं टाकून देतात. सापडेकरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. शहराच्या कडेला रुळांलगत त्यांचा बागेचा एक तुकडा आहे, तिथं कोपऱ्यात पडलेला पानांचा ढीग पाहून ह्याचा जीव कळवळला. “ही पानं मी नेऊ का? आमच्याकडे ह्याला बेसन लावून, गुंडाळी करून, उकडून तळतात.” आजींनी चष्म्यावरून पाहिलं. “किती माणसं जेवायला आहेत?” “आठ.” “आणि किती मारायची आहेत?”

रबार्बरच्या पानांत ऑक्झॅलिक आम्ल ठासून भरलेलं असतं. तसं ऑक्झॅलेट अळूतही असतं, म्हणून तर घसा खवखवतो आणि म्हणून आपण चिंच घालतो. पण अळू खवखवण्यावर थांबतं. रबार्बर थांबत नाही. मग तुर्की दुकानातल्या बरणीतली खारवलेली द्राक्षाची पानं झाली. त्यांच्या वड्या विड्याएवढ्या झाल्या आणि खाऊन आठही जणांनी रात्रभर पाणी प्यायलं. शेवटी बिटाच्या घराण्यातली मांगोल्ड नावाची रुंद पानाची भाजी सापडली. आज आमच्यात अळूवडी म्हणून जे वाढतात, ते मांगोल्ड असतं. ताटात वडी पडली की सापडेकर मालकासारखा इकडे तिकडे बघतो.

त्याचे सोन्याचे दिवस मात्र २०१४चे. त्या वर्षी १ मेपासून युरोपीय संघानं भारतातल्या आंब्यावर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्या आणि तसली कीड निघाली होती. पेपरांत बोंब झाली ती हापूसची. पण बंदीच्या यादीत आणखी चार नावं होती. वांगं, कारलं, पडवळ आणि अळू. सापडेकरनं ती यादी मला फोनवर दोनदा वाचून दाखवली. “अरे, हे आईचं श्रावणातलं ताट आहे. ब्रसेल्समध्ये कुणीतरी चिपळूणचा बसलाय. एवढं नेमकं दुसऱ्याला सुचायचं नाही.”

आंब्यावरची बंदी पुढच्या जानेवारीत उठली, पण तोवर सापडेकरच्या घरचा फोन खाली ठेवायला सवड नव्हती. एरवी समोर दिसला की रस्ता ओलांडणारे लोक हळू आवाजात विचारायचे, “कारल्याचं काही होईल का हो?” व्हायचं. बंदी भारतातल्या कारल्यावर आहे ना, मग थायलंडचं घ्या. पडवळ श्रीलंकेचं घ्या. कायदा त्यानं कधी मोडला नाही, वळसा घातला. नियमाला तो इतका पक्का की चिपळूणहून निघताना मामींनी दिलेले पेढे तो मुंबई विमानतळावर पोर्टरला वाटून टाकतो, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला इथं दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. मामींना हे कोण सांगणार! २०१९च्या डिसेंबरपासून ताज्या फळालाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना. अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. ह्यातल्या शेवटच्या नावावर त्याचा विशेष राग आहे. “ज्याच्या वासानं हॉटेलं रिकामी होतात तो फणसाचा दिवटा चुलतभाऊ येऊ शकतो. आणि हापूसला कागद दाखवायचे!”

खरं रूप बघायचं तर तो प्रवासाहून आल्यावर बघावं. लोकांच्या फोनमध्ये किल्ले, समुद्र आणि आपापली तोंडं असतात, ह्याच्या फोनमध्ये पाकिटांच्या मागच्या बाजू. एखादी पालेभाजी आवडली की दुकानदाराला छळून तिचं लॅटिन नाव काढणार. “गावागणिक नाव बदलतं रे, लॅटिन बदलत नाही.” आणि बर्लिनला परतला की बॅग दारातच ठेवून शोधाला सुरुवात. जॉर्जियाहून आला तेव्हा द्राक्षाच्या दाट रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा त्याला हव्या होत्या, चुर्चखेला म्हणतात. एका रशियन दुकानात मिळाल्या. रंग तपकिरी, आकार लांबुळका, वरून दोरा. वहिनींच्या आई तेव्हा सोलापूरहून आलेल्या होत्या, त्यांनी त्या मेणबत्त्या समजून देवाजवळच्या खणात ठेवून दिल्या आणि एके संध्याकाळी दिवे गेले.

थायलंडहून आला तेव्हा तर शोधायलाच लागलं नाही, आणि तो चिडला. प्रॉयसनपार्क नावाच्या बागेत नव्वदीच्या दशकापासून थाई बायका सतरंज्या टाकून, शेगड्या मांडून रांधत आल्या होत्या. कच्च्या पपईची कोशिंबीर पुढ्यात कुटून द्यायच्या. अख्ख्या बर्लिनला हे ठाऊक. “सांगायचं काय त्यात?” म्हणाला आणि सोडून दिलं.

व्हिएतनामहून आला तेव्हा मात्र त्यानं मला बरोबर नेलं, पिशव्या धरायला. तिकडे त्यानं कुठलंसं आंबट सार प्यायलं होतं, आणि त्यात तरंगत होते स्पंजासारखे, आडवे चिरलेले हिरवे देठ. चावले की रस सुटणारे. “अळू आहे,” तो ट्रॅममध्ये म्हणाला. आवाज देवळात बोलतात तसा.

लिश्टेनबेर्गमधला तो व्हिएतनामी बाजार, डोंग शुआन, म्हणजे शोभेची जागा नव्हे. पूर्व जर्मनीच्या काळात तिथं कार्बनच्या कांड्या बनवण्याचा सरकारी कारखाना होता. व्हिएतनामहून करारावर आणलेले कामगार त्या देशात १९८९ साली साठ हजारांच्या घरात होते. भिंत पडली, कारखाने बसले, करार संपले. जे मागे राहिले त्यांनी फुलं विकली, कपडे विकले, आणि पुढे ह्या जागेवर लांबच लांब हॉल उभे राहिले. हनोईतल्या जुन्या बाजाराचं नाव ह्याला दिलं. आत शिरलं की आधी प्लॅस्टिकची फुलं, मग नखं रंगवायचं सामान, मग केस कापणारे, मग पुन्हा प्लॅस्टिकची फुलं. वाणसामान पार टोकाला. सापडेकर ह्या गल्ल्यांतून दिंडीतल्या विणेकऱ्यासारखा चालला होता. मी मागे टाळकरी.

दुकानातल्या बाईंना त्यानं फोनमधला फोटो दाखवला. बाईंचं जर्मन आणि त्याचं जर्मन ह्यांची शाळा वेगळी. पण बोट दोघांचं एकच. बाई आत गेल्या आणि काखेत धरून हातभर लांबीचे चार देठ घेऊन आल्या. फिकट हिरवे, वजनाला कापसासारखे. त्यानं एक टोक मोडलं. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. त्यानं ते टोक नाकाशी नेलं, मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासलं आणि घड्याळ लावून उभा राहिला. बाई बघतायत, मागे रांग झाली, मी प्लॅस्टिकच्या फुलांकडे बघतोय. पाच मिनिटांनी म्हणाला, “खाज नाही.” मग वहिनींना फोन. “अगं, अळू! अळूचे देठ!”

पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, “आणि पानं?”

पानं नव्हती. तिथं फक्त देठ विकतात. सापडेकर क्षणभर गप्प झाला, मग बाहेर येऊन त्यानं मला सांगितलं की पानाचं काम मांगोल्ड करेल. त्या रविवारी त्याच्याकडे मी फदफदं जेवलो. धड एकीकडचं, मस्तक दुसरीकडचं. पण गणपतीचं तरी दुसरं काय आहे! मुळा, शेंगदाणे, चिंच-गूळ सगळं जमलं होतं. मी तीनदा घेतलं. त्यानं दोन चमचे घेतले आणि उरलेला वेळ देठ कुठे मिळाले ते सांगितलं.

त्याचे पराभवही आहेत, ते वहिनी सांगतात. जर्मन लोक केकात खसखस किलोनं घालतात, म्हणून त्यानं एका दिवाळीला अर्धा किलो आणली. ती इथं निळी असते. आमच्याकडे त्या वर्षी आलेल्या फराळातले अनारसे बुरशी आल्यासारखे दिसत होते आणि खायला उत्तम होते. मुलांनी डोळे मिटून खाल्ले.

आणि पुणं! हा माणूस दर दोन वर्षांनी भावाकडे पुण्याला जातो. तुम्हाला वाटेल, तिथं तरी गप्प बसेल. बारा वर्षं ह्यानं आम्हाला शिकवलं की जर्मन क्वार्क म्हणजे चक्काच, चाळीस टक्क्यांचा डबा आणायचा, साखर घोटायची, वेलदोडा-केशर घातलं की श्रीखंड. खरं आहे, आम्ही सगळे तसंच करतो. तर पुण्यात पोचल्यावर ह्याला क्वार्क हवा झाला. भावानं विचारलं, म्हणजे काय? ह्यानं वर्णन केलं. भाऊ म्हणाला, “अरे, मग चितळ्यांकडून चक्का आण!” सापडेकरनं आणला, त्यात मीठ, मिरपूड आणि कांद्याची पात कालवली आणि पावावर फासून सगळ्यांच्या पुढ्यात ठेवला. पाडव्याचा दिवस होता. भावजय काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या चक्का कुलपात ठेवतात असं पुतण्यानं मला सांगितलं.

मग दिवस पालटले. मला वाटतं, फणसापासून सुरुवात झाली. एके दिवशी सापडेकर शांपू आणायला औषधं-साबणांच्या दुकानात गेला, आणि टूथपेस्टच्या पलीकडच्या फळीवर, पाकिटात, चिरलेला कोवळा फणस. मांस सोडलेल्या लोकांसाठी. खिमा करा, बर्गरमध्ये घाला. त्या कोवळ्या फणसासाठी ह्यानं एकेकाळी तीन गाड्या बदलल्या होत्या. तो शांपू न घेताच परत आला. पुढे कोपऱ्यावरच्या साध्या सुपरमार्केटात हळद आली, मग पनीर आलं, मग नारळाचं दूध तीन कंपन्यांचं. तमिळ दुकानदारही आता घरपोच पाठवतात. एखाद्या समारंभात कुणी म्हणालं, ‘कढीपत्ता मिळत नाही’, की सापडेकरची मान वळायच्या आत दुसरा कुणी फोन पुढे करतो, “हे बघ, उद्या सकाळी येईल.” केळफुलाच्या त्या मुलाला तो चाळीस मिनिटं का धरून बसला, हे मला त्याशिवाय कळलं नसतं.

समजूत घालावी म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगितली, आणि ती उलटली. म्हटलं, “अरे, हे कोपऱ्यावरचं एडेका म्हणजे काय माहीत आहे का? १८९८ साली इथंच, हालेशेस टोअरच्या भागात, एकवीस दुकानदारांनी मिळून खरेदीसंघ काढला. वसाहतींतला माल विकणाऱ्यांचा संघ. कॉफी, तांदूळ, मसाले, साखर. त्या लांबलचक नावाची आद्याक्षरं ई, डी, के. त्यांचा उच्चार एडेका. म्हणजे तू ज्याला जर्मन वाणी म्हणतोस तो मुळात परदेशी जिनसांचाच दुकानदार.” सापडेकर बराच वेळ गप्प होता. “म्हणजे,” तो म्हणाला, “मी पंचवीस वर्षं त्याच्या दारावरून पुढे जात होतो?”

खरा घाव घातला तो वहिनींनी, आणि तोही काही न शोधता. खालच्या आजींना बरं नव्हतं म्हणून त्या त्यांना बघायला गेल्या. आजींनी उठून बटाटे उकडले, सालासकट. शेजारी मीठ-कांदा घातलेला क्वार्क. आणि वरून बाटलीतलं पिवळं, किंचित कडवट तेल. ब्रांडेनबुर्गकडचं हे गरिबाचं जुनं जेवण. वहिनींनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. “आजी, हे जवस आहे.” सोलापूरची बाई, जवसाची चटणी जिभेवर घेऊनच वाढलेली. वर येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं की जवसाचं तेल इथं जिथं तिथं मिळतं, लाइनओल म्हणतात, इथल्या लोकांचंच आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीही होतं. सापडेकरनं विचारलं, “कुठल्या स्टेशनला?” वहिनी म्हणाल्या, “खालच्या मजल्यावर.”

आठ दिवस त्यानं कुणाला फोन केला नाही. आम्ही काळजीत पडलो.

मग एका रात्री फोन आला. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की गटेला वायमारमध्ये बसून बर्लिनजवळचे सलगम हवे असायचे. टेल्टो गावचे, बोटाएवढे, निमुळते, रेताड जमिनीत वाढणारे टेल्टोवर र्‍यूब्शन. बर्लिनचा त्याचा मित्र त्सेल्टर, संगीतकार आणि मूळचा गवंडी, ते त्याला पाठवून द्यायचा. सापडेकरच्या आवाजात जुनी धार आली होती. “अरे, म्हणजे हा काव्यबिव्य लिहायचा ते ठीक, पण हा आपल्यातला होता! ह्याचाही एक त्सेल्टर होता, पिशव्या धरायला.” मी हा टोमणा ऐकला नाही असं केलं.

तेव्हापासून तो सलगमांच्या मागे आहे. गंमत बघा, हिंग अफगाणिस्तानातून आला, देठ व्हिएतनामहून आले. हे गाव बर्लिनच्या दक्षिण वेशीला चिकटलेलं, एस-२५ लोकलचं शेवटचं स्टेशन. त्यानं आधी शहरातले बाजार पालथे घातले. तिथं जांभळे सलगम, पांढरे सलगम, जपानी सलगम. हे नाहीत. गेल्या शनिवारी तो स्वतः टेल्टोला गेला. एप्रिल महिना, थंड वारा, सराफाची पिशवी. दुपारी अडीचला माझा फोन वाजला. मागून लोकल सुटायची सूचना ऐकू येत होती.

“मिळत नाही!” सापडेकर ओरडला.

“काय?”

“मिळत नाही रे! टेल्टोतच मिळत नाही! चार जणांना विचारलं. एक म्हणाला, शरदात या. दुसरा म्हणाला, पिकवणारेच आता हाताच्या बोटांवर उरलेत. तिसऱ्यानं तर नावच ऐकलेलं नव्हतं, आणि तो इथंच जन्मला!” त्याला दम लागला होता. गेल्या दोन वर्षांत इतका खूश मी त्याला ऐकला नव्हता. “चौथी बाई म्हणाली, एका शेतकऱ्याला ठाऊक असेल, पण तो फोन उचलत नाही. समक्ष जावं लागतं. बसनं, पुढे चालत.”

लोकलची दारं लागल्याचा आवाज आला. तो फलाटावरच राहिला होता बहुतेक.

“पुढच्या शनिवारी मोकळा आहेस ना?”